समाजशास्त्राची निवड : मराठी अभ्यासकांच्या इतिहासातील एक प्रश्न

पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने पुढे कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न सामान्यतः त्याच्या आवडीनिवडीचा मानला जातो. वडीलधारी मंडळी नोकरीचा विचार सांगतात, प्राध्यापक बुद्धीचा कल पाहतात आणि विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा राहून आपला अर्ज भरतो. समाजशास्त्राच्या बाबतीत हा प्रश्न काहीसा अधिक अवघड होतो. कारण या विषयाची पदवी घेऊन पुढे काय, या पृच्छेस वकिली वा वैद्यक यांप्रमाणे एका शब्दात उत्तर देता येत नाही. विद्यार्थ्यास सल्ला देण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. समाजशास्त्र शिकावे की न शिकावे, हा निर्णय मराठी भाषिक अभ्यासकांनी पूर्वी कोणत्या परिस्थितीत घेतला, त्यासाठी द्रव्यसाहाय्य कोठून आले, आणि मराठवाड्यातील विद्यार्थ्यास असा निर्णय घेण्याची मुभाच मुळी केव्हा प्राप्त झाली, एवढ्यापुरताच येथे विचार करावयाचा आहे. निवड केवळ आवडीने झाली असे जेथे वाटते, तेथेही तिच्यामागे एखादी शिष्यवृत्ती, एखादे रिकामे पद, नाही तर रेल्वेचा एखादा फाटा दडलेला असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. औरंगाबादेचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर असे झाले. ज्या काळाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्या काळी रूढ असलेले नाव पुढील मजकुरात ठेविले आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठीत समाजविषयक चिंतन व निरीक्षण विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झाले नाही. आगरकरांनी स्पेन्सर वाचला तो महाविद्यालयात, परंतु त्याचा उपयोग केला तो १८८८ साली सुरू झालेल्या 'सुधारका'च्या स्तंभांत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यातील अधिकारी होते. कुलकर्ण्याचे दप्तर, बलुतेदारांचे हक्क, खळ्यावर होणारी वाटणी, फिरस्त्या जातींचे गावावरील ओझे, या सर्वांचे ज्ञान त्यांना नोकरीने दिले. नारायण गोविंद चापेकर यांचे 'आमचा गाव बदलापूर' १९३३ सालचे, चापेकर न्यायखात्यातील. त्याच वर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ बाहेर पडला, आणि त्यामागे डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या कार्यातील कित्येक वर्षांचा प्रवास व प्रत्यक्ष परिचय होता. या तिघांपैकी कोणीही समाजशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती, आणि तरीही त्यांची पुस्तके वगळून महाराष्ट्राच्या समाजाचा अभ्यास करता येणार नाही. तेव्हा विद्यापीठात हा विषय शिकल्याने असे काय अधिक मिळते, की जे आत्रे यांना मामलेदार कचेरीत मिळाले नाही, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैरलागू म्हणता येणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे : आत्रे यांना गाव दिसले, परंतु ते ज्या ठिकाणी उभे राहून गाव पाहत होते ते ठिकाण त्यांना दिसले नाही. निरीक्षकाने स्वतःचे स्थान तपासावे, आपल्या व्याख्या दुसऱ्याच्या व्याख्यांशी भिडवून पाहाव्यात, ही सवय एकट्या माणसास सहसा लागत नाही. ती वर्गात, चर्चासत्रात, विरोधकाच्या समोर बसून लागते. याचे उत्तम उदाहरण मराठी माणसांच्याच इतिहासात आहे, मात्र ते घडले न्यूयॉर्कमध्ये.

श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) हे अमेरिकेत जाऊन कॉर्नेल विद्यापीठात समाजविषयक शास्त्रांचा अभ्यास करणारे पहिल्या पिढीतील मराठी गृहस्थ. त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. १९११ साली त्यांस डॉक्टरेट मिळाली. जातीची त्यांनी केलेली व्याख्या दोन लक्षणांवर आधारलेली होती : एक, जातीचे सभासदत्व त्या जातीत जन्मलेल्यांपुरतेच मर्यादित असणे, दुसरे, जातीबाहेर विवाह करण्यास सभासदांना सक्त मनाई असणे. परदेशातून परत आल्यावर केतकरांस मुंबई इलाख्यात या विषयाचे अध्यापकपद मिळाले नाही. मिळणार तरी कोठून? तसे पद अस्तित्वातच नव्हते. पुढे त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, कादंबऱ्या लिहिल्या, आणि समाजशास्त्रीय विवेचन त्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडी घातले. 'ब्राह्मणकन्या'सारखी कादंबरी वाचताना समीक्षक कलादृष्ट्या नाराज होतो, याचे कारण असे की, जे व्याख्यान विद्यापीठाच्या वर्गात व्हावयाचे ते केतकरांना दिवाणखान्यातील संवादांत भरावे लागले. विषय निवडला, पण त्या विषयास देशात घर नव्हते, अशी ही पहिली कहाणी.

दुसरी कहाणी अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे. १९१३ साली भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधरास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्या वर्षीच्या ४ जून रोजी करार झाला, आणि शिक्षण पुरे झाल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची, अशी त्यात अट होती. महाराजांनी कोणता विषय शिकणार असे विचारले असता आंबेडकरांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थकारण असे उत्तर दिले, आणि आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग या विषयांच्या अभ्यासाने सापडेल असे कारण सांगितले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. या उत्तरात समाजशास्त्राचे नाव आहे, हे विशेष होय. मुंबईच्या विद्यापीठात त्या वेळी या विषयाचा वर्ग नव्हता. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणास असा विषय असतो एवढे ठाऊक असणे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात असू शकेल अशी आशा वाटणे, या दोन्ही गोष्टी त्या काळी सामान्य नव्हत्या.

तथापि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रत्यक्ष काय निवडले ते पाहावे. तेथील त्यांच्या अभ्यासक्रमांची मोजणी अभ्यासकांनी केलेली आहे. तीनुसार अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. १९१५ साली एम. ए. झाले ते अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन. म्हणजे समाजशास्त्र व मानवशास्त्र मिळून दहा अभ्यासक्रम, आणि एकट्या अर्थशास्त्राचे त्याच्या जवळजवळ तिप्पट. याचा अर्थ त्यांचे मन बदलले असा काढणे घाईचे होईल. ज्या संस्थानाची दहा वर्षे नोकरी करावयाची त्यास जमाखर्च जाणणारा अधिकारी हवा होता. समाजशास्त्राचा पदवीधर बडोद्यात काय करणार, आणि मुंबईत तरी काय करणार? १९१८ साली सिडनेहॅम महाविद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली ती अर्थशास्त्राचीच. पोट आणि प्रश्न यांची फारकत होऊ न देता दोहोंनाही जागा करून देण्याची ही रीत होती. एकास मुख्य विषयाचे, तर दुसऱ्यास उपविषयाचे स्थान मिळाले.

उपविषयाचे म्हणून जे काम झाले ते मात्र गौण मुळीच नव्हते. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातींची घटना, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. तो मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. या निबंधात सेनार, नेस्फिल्ड, रिस्ले यांच्या व्याख्या एकामागून एक तपासल्या आहेत, आणि चौथी व्याख्या केतकरांची आहे. आंबेडकर केतकरांविषयी आदराने लिहितात. जात ही एकटी नसते, जातींच्या व्यवस्थेतच तिला अर्थ असतो, हे केतकरांनी ओळखले म्हणून त्यांस श्रेय देतात. परंतु केतकरांची दोन लक्षणे ही वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी दाखवून दिले : बाहेर लग्न करण्यास बंदी केली की सभासदत्व जन्मावर आपोआपच मर्यादित होते, त्यासाठी वेगळे लक्षण सांगण्याचे कारण उरत नाही. मग जातीचे मर्म एकच राहते, ते म्हणजे अंतर्विवाह. मूळच्या बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला गेला, आणि तो टिकविण्यासाठी गटातील स्त्रीपुरुषांची संख्या जुळती ठेवणे भाग पडले. नवरा मेला की मागे राहिलेली स्त्री त्या हिशेबात जादा ठरते. बायको मेली की पुरुष जादा ठरतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा उगम या हिशेबात शोधला पाहिजे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. वरच्या जातीने केलेले खालच्या जातीने उचलले, याच्या स्पष्टीकरणासाठी त्यांनी गॅब्रिएल टार्ड याच्या अनुकरणविषयक नियमांचा आधार घेतला.

या सिद्धान्ताचे गुणदोष तपासण्याचे हे स्थळ नव्हे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, ब्राह्मण केतकरांनी १९०९ साली केलेली व्याख्या महार कुटुंबातून आलेल्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सात वर्षांनी दुरुस्त केली, आणि ही देवघेव शक्य झाली ती न्यूयॉर्कमधील एका चर्चासत्राच्या टेबलापाशी. त्या काळी पुण्यात वा मुंबईत ते दोघे एका टेबलापाशी बसून हाच वाद घालू शकले असते काय, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

मुंबईत विषयास घर मिळाले ते १९१९ साली. पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे प्रख्यात तज्ज्ञ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांस जाणाऱ्यांत मालवणात १८९३ साली जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये होते. घुर्ये संस्कृतचे विद्यार्थी. १९१८ साली एम. ए. ला कुलपतींचे सुवर्णपदक मिळवून एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतच शिकवीत होते. समाजशास्त्राच्या परदेशातील अभ्यासासाठी विद्यापीठाने शिष्यवृत्ती जाहीर केली, गेडिस यांनी त्यांची शिफारस केली, आणि संस्कृतच्या अध्यापकाने आपला विषय बदलला. लंडनला हॉबहाउस यांच्याकडे त्यांचे मन रमले नाही. मग केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे ते गेले. १९२२ साली रिव्हर्स अकस्मात निधन पावले आणि प्रबंध हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरा झाला. १९२४ साली मुंबईच्या विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली, ती पस्तीस वर्षे राहिली. १९३२ साली त्यांचा जात आणि वंश यांवरील ग्रंथ बाहेर पडला. त्यात जातीची सहा लक्षणे दिली आहेत : समाजाचे खंडशः विभाजन, उच्चनीचतेची उतरंड, रोटीव्यवहार व एकंदर संसर्गावरील निर्बंध, धार्मिक व नागरी हक्कांतील भेदाभेद, व्यवसायाच्या निवडीवरील बंधन आणि विवाहावरील बंधन. आंबेडकर एका लक्षणावर आले होते, घुर्ये सहांवर थांबले. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी ही सहा लक्षणे पाठ केली. ती मोजण्यास सोयीची आहेत, आणि परीक्षेत सोयीचे ते टिकते, असे थोड्या खेदाने म्हणावे लागते.

घुर्ये यांच्या विषयांतराकडे किंचित बारकाईने पाहिले पाहिजे. संस्कृत सोडून ते समाजशास्त्राकडे आले असे आपण म्हणतो, परंतु त्यांनी संस्कृत कधीच सोडले नाही. गोत्र, प्रवर, आश्रम, संन्यासी यांविषयींचे त्यांचे सारे लेखन पोथ्यांच्या ज्ञानावर उभे आहे. ज्या वेळी विषयाची परंपरा देशात नसते, त्या वेळी पहिला अभ्यासक आपल्या जुन्या विषयाची शिदोरी बरोबर घेऊनच येतो. अर्थशास्त्रातून आलेल्याने जातीत संख्येचा हिशेब पाहिला, संस्कृतातून आलेल्याने शास्त्रवचनांची उतरंड पाहिली. मुंबईच्या समाजशास्त्रास जे ग्रंथनिष्ठ वळण लागले त्याचे मूळ येथे आहे. त्यांचेच शिष्य एम. एन. श्रीनिवास पुढे क्षेत्रनिष्ठ अभ्यासाचे पुरस्कर्ते झाले व या वळणापासून दूर गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

इरावती कर्वे यांची निवड याहूनही बोलकी आहे. त्या १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या, आणि फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. मग त्यांस दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या घुर्ये यांच्याकडे मुंबईस समाजशास्त्र शिकू लागल्या. 'दक्षिणा' या शब्दाशी जरा थांबावे. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांस दरसाल वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमलात शिक्षणाकडे वळविला गेला, आणि त्यातून महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या निघाल्या. त्या पैशावर एका तरुण स्त्रीने १९२८ साली जो प्रबंध लिहिला तो चित्पावन ब्राह्मणांच्या वांशिक अभ्यासावर. पेशव्यांचा पैसा पेशव्यांच्याच जातीचे मोजमाप करण्याकडे लागावा, यातील गंमत त्या स्वतः जाणत असल्या पाहिजेत. त्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या. तेथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या विषमतेवर संशोधन करून १९३० साली त्यांनी निष्कर्ष काढला तो असा की, अशा विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकास हवा असलेला निष्कर्ष हा नव्हता. परत आल्यावर त्यांस प्रथम जी नोकरी मिळाली ती महिला विद्यापीठाच्या कुलसचिवपदाची, म्हणजे कारभाराची. विषयातील जागा मिळावयास १९३९ साल उजाडावे लागले, जेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली. पदवी आणि पद यांमधील हे अंतर त्या पिढीतील सर्वांच्याच वाट्यास आले.

याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र प्रारंभी पदव्युत्तर पातळीवरच शिकविले जात असे. बी. ए. च्या वर्गांत विषय नाही, म्हणून महाविद्यालयांत अध्यापक नाहीत. अध्यापकाची जागा नाही, म्हणून एम. ए. ला विद्यार्थी थोडे. या फेऱ्यात जो सापडे तो बहुधा दुसऱ्या एखाद्या विषयाची वा कायद्याची पदवीही हाताशी ठेवी. १९३६ साली मुंबईत टाटा न्यासाच्या साहाय्याने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि त्यानंतर एक नवाच घोटाळा झाला. समाजशास्त्र, समाजकार्य, सामाजिक शास्त्रे आणि समाजवाद ही चारही नावे एका पंक्तीत बसल्यामुळे पालकांची व कित्येकदा विद्यार्थ्यांचीही फसगत होते. समाजशास्त्र शिकतो म्हणजे झोपडपट्टीत जाऊन सेवा करतो, ही समजूत अजून गेलेली नाही. सेवा निषिद्ध नाही. परंतु मूल्यमापनापूर्वी समजून घेण्याची जी शिस्त हा विषय मागतो, ती सेवेच्या उत्साहाने आपोआप येत नाही.

आता मराठवाड्याकडे वळू. येथील विद्यार्थ्यापुढे १९४८ पूर्वी हा प्रश्न उभाच राहत नव्हता. हैदराबाद संस्थानात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. भारतीय भाषेतून सर्व उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून शेकडो परिभाषिक शब्द घडविण्यात आले. परंतु ज्यांच्या घरी मराठी, तेलुगू वा कानडी बोलली जाई, अशा बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने ती भाषाही परकीच होती. उर्दूत समाजशास्त्रास 'इम्रानियात' म्हणतात. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात मानवी वस्ती व संस्कृती या अर्थी वापरलेल्या 'उम्रान' या शब्दाशी त्याचे नाते आहे. शब्द म्हणून तो आपल्या 'समाजशास्त्रा'हून अधिक जुन्या कुळातला. पण परभणीच्या किंवा बीडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलास त्याचा उच्चार आधी शिकावा लागे, आणि मग अर्थ.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी सत्ता संपली. तरीही औरंगाबादच्या पदवीधरास पदव्युत्तर शिक्षणासाठी पूर्वेस हैदराबाद, नाही तर पश्चिमेस पुणे-मुंबई असेच पर्याय राहिले. हैदराबादेस जाणारी मीटरगेज गाडी दारावरून जाई. मुंबईस जावयाचे तर मनमाडला उतरून मोठ्या रुळांची गाडी धरावी लागे. रुळांच्या रुंदीतील हा फरक मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. राज्याची सीमा जेथे होती तेथेच प्रवास तुटत होता. गरीब घरच्या मुलाने हा प्रवास करून, वसतिगृहाचा खर्च सोसून, ज्याच्या शेवटी नोकरी दिसत नाही असा विषय शिकावा, ही अपेक्षा करणे कठोर होते.

या परिस्थितीत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस १९५० साली महाविद्यालय सुरू केले. ही संस्था डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केली होती; मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. महाविद्यालयास 'मिलिंद' आणि परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा आहे, आणि पटलेले उत्तर मान्य करणारा आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यानेच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले येथे आली. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले गृहस्थ होते. विद्यापीठ गावात आल्याने पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च एकदम आवाक्यात आला; मनमाडला गाडी बदलण्याचे कारण राहिले नाही. विषयनिवड हा प्रश्न मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या बाबतीत खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

मात्र अंतर कमी झाले तरी भाषेचा अडसर उरला. व्याख्यान मराठीत, पाठ्यग्रंथ इंग्रजीत, आणि उत्तरपत्रिका दोहोंच्या मिश्रणात, अशी स्थिती दीर्घकाळ होती. इरावतीबाईंनी 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) सारखी पुस्तके मराठीत लिहिली हे मोठेच काम होते, परंतु सिद्धान्तग्रंथ मराठीत फारसे नव्हते. विश्वकोशाचा परिभाषा संग्रह १९७३ साली आला, स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली भारतीय समाजविज्ञान कोशाचे खंड १९८० नंतर निघाले. परिभाषेविषयी माझी एक तक्रार नोंदवितो. 'सामाजिक स्तरीकरण' हा शब्द शुद्ध आहे, अचूक आहे. पण ज्या विद्यार्थ्याच्या घरी गावकुसाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणले गेले, त्यास तो शब्द प्रथम भेटतो तेव्हा त्या विहिरीशी त्याचा काही संबंध आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. अध्यापकाचे काम तेथे सुरू होते.

यातूनच या निबंधातील सर्वांत बिकट मुद्दा निघतो. घुर्ये यांच्या विभागाच्या परंपरेतून आलेल्या ग्रंथांत जी. आर. प्रधान यांचे मुंबई शहरातील अस्पृश्य कामगारांवरील पुस्तक (१९३८) आहे. पुस्तक परिश्रमपूर्वक केलेले आहे. परंतु त्यातील कामगार हा माहिती देणारा आहे. माहिती मागणारा दुसरा कोणी आहे. मराठवाड्यात १९५० नंतर जे विद्यार्थी महाविद्यालयांत आले, त्यांच्यापैकी अनेक जण या माहिती देणाऱ्यांच्या घरांतील होते. त्यांनी समाजशास्त्र निवडणे म्हणजे वहीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस येणे होय. हे स्थलांतर वाटते तितके सोपे नाही. आपल्याच आईबापांच्या आयुष्यास 'नमुना' म्हणावयाचे, आपल्याच वस्तीचा तक्ता करावयाचा, आणि रागलोभ बाजूस ठेवून त्याचे अनुमान काढावयाचे, याची किंमत ज्याने ती मोजली त्यालाच माहीत. कित्येकांनी ती मोजण्याचे नाकारले आणि ते साहित्याकडे वळले. औरंगाबादेतूनच गंगाधर पानतावणे यांच्या संपादकत्वाखाली निघालेले 'अस्मितादर्श' हे त्या वळणाचे मोठे स्थान होते. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. आत्रे यांनी 'गावगाड्या'त बलुत्याचा जो हिशेब शेतकऱ्याच्या खळ्यावर उभे राहून मांडला, तोच पवारांनी पदर पसरणाऱ्याच्या बाजूने मांडला. दोन्ही पुस्तके एकत्र वाचावयास लावणारा अभ्यासक्रम असावा, असे मला वाटते. एक कादंबरीसारखे वाचून बाजूस ठेवावे आणि दुसरे ग्रंथालयाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडावे, यात दोहोंचेही नुकसान आहे.

त्याच १९७८ च्या २७ जुलै रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने संमत केला, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि अंमल यांमधील ही साडेपंधरा वर्षे अभ्यासक्रमातील कोणत्याही प्रकरणाहून अधिक शिकविणारी होती. जात म्हणजे काय, हे जाणण्यासाठी विद्यार्थ्यास न्यूयॉर्कला वा केंब्रिजला जावे लागले नाही. प्रश्न विद्यापीठाच्या दारापाशी आला, आणि तो विद्यापीठाच्या नावाविषयीच होता.

कोलंबियातील त्या निबंधाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. तो पुस्तिकारूपाने अधूनमधून छापला गेला, तथापि मराठवाड्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यास तो सहज हाती लागावा अशी सोय दीर्घकाळ नव्हती. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादकत्वाखाली बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड १९७९ साली काढला, तेव्हा 'इंडियन अँटिक्वेरी'च्या जुन्या अंकांतून तो निबंध बाहेर आला. जिल्ह्याच्या ग्रंथालयांतून आज जो खंड मिळतो त्यातील पहिलाच निबंध तो आहे, आणि केतकरांच्या व्याख्येवरील आक्षेप त्याच्या पहिल्या काही पानांतच सापडतो.